तयार साहित्यावर तास कसा उभा करता? अनुभव लिहा

तासाची तयारी करताना आपण सगळेच आता कुणाची पीपीटी, एखादं सिम्युलेशन, व्हिडिओ किंवा खुलं पाठ्यपुस्तक हाताशी घेतो. त्यातलं वर्गात काय चाललं, काय फसलं आणि तुम्ही स्वतः त्यात काय बदललंत, ते सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

मी भौतिकशास्त्र शिकवते. कोलोराडो विद्यापीठात 2002 साली सुरू झालेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत मिळतात, काही मराठीतूनही. विद्युतमंडलाचं सिम्युलेशन पहिल्या वर्षी मी नुसतं दाखवलं. मुलं रंगून बघत राहिली आणि पेपरात जुनीच चूक आली: बल्बमधून जाताना विद्युतधारा थोडी खर्च होते. पुढच्या वर्षी 9 व्होल्टची बॅटरी आणि 10 ओहमचा बल्ब जोडून ठेवला, ॲमीटर मात्र लावला नाही. बल्बच्या अलीकडे किती धारा असेल आणि पलीकडे किती, हे आधी वहीत लिहायला सांगितलं. बऱ्याच जणांनी पलीकडे कमी लिहिली. मग ॲमीटर लावला. अलीकडे 0.90, पलीकडेही 0.90. "मॅडम, जोडणी चुकली असेल, परत लावा ना," असं मागच्या बाकावरून आलं. परत लावला. मग खर्च होतं ते नेमकं काय, यावर मुलं आपसांतच भांडू लागली, आणि ऊर्जा हा शब्द त्यांच्यातल्याच एकीने उच्चारला. मी नंतर फक्त फळ्यावर लिहिलं.

—

मी संख्याशास्त्राचा. फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 साली मांडलेले चार आकडेवारी-संच 'आर' या संगणकभाषेत आयतेच असतात. प्रत्येकात 11 जोड्या. चारही संचांत क्षची सरासरी 9, यची साधारण 7.5, सहसंबंध 0.816 च्या आसपास. स्लाइडवर चारही आलेख एकदम दाखवले, तर "बरं" म्हणून मुलं मोकळी होतात. म्हणून वर्गाचे चार गट करतो, प्रत्येकाला एकच संच देतो आणि हाताने आकडेमोड करायला लावतो. उत्तरं फळ्यावर जुळली की सगळ्यांना वाटतं, आपल्याला एकच संच मिळाला होता. मग प्रत्येक गटाने आपला आलेख काढायचा. एकाची सरळ रेषेभोवती विखुरलेली टिंबं, दुसऱ्याची कमान, तिसऱ्याची रेषा एका भलत्याच टिंबाने ओढलेली आणि चौथ्याची एक सोडून सगळी टिंबं एकाच उभ्या ओळीत. आकडेमोडीतच अर्धा तास जातो, आणि मला तो खटकत नाही.

—

जीवशास्त्र. एका तयार पीपीटीत जिभेचा नकाशा होता: टोकाला गोड, मागे कडू. मी तसाच शिकवला. एका मुलीने विचारलं, "मग साखरेचं पाणी जिभेच्या कडेलाही गोड का लागतं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन शोधलं. 1901 सालच्या एका जर्मन निबंधात जिभेच्या भागांच्या संवेदनशीलतेतले थोडेसे फरक मोजले होते, पुढे त्यांचा अर्थ ताणला गेला आणि नकाशा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी वर्गात स्वच्छ सांगितलं, की काल मी चुकीचं शिकवलं. तेव्हापासून दुसऱ्याची स्लाइड वापरायची झाली, तर त्यातलं प्रत्येक विधान माझ्या वहीत माझ्या शब्दांत उतरवते. जे उतरवता येत नाही ते मला कळलेलं नसतं, मग ते वर्गात नेत नाही.

—

वरच्या मॅडमचा वहीचा मुद्दा अगदी पटला. पेशीविभाजनाचा व्हिडिओ मी आवाज बंद करून दाखवतो, तोही दीड-दोन मिनिटांचाच तुकडा. निवेदन मुलांनी करायचं. गुणसूत्रं मधल्या प्रतलावर आली की थांबवतो आणि विचारतो, पुढे काय होणार? अडखळतात तिथेच शिकवायचं काय ते मला कळतं.

—

तयार साहित्याच्या परवान्याबद्दल थोडं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे साहित्य इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यात 'एनडी' ही अक्षरं असतील, तर बदल केलेली आवृत्ती इतरांना वाटता येत नाही. नुसतं 'बीवाय' असेल, तर श्रेय देऊन बदलता येतं, वाटताही येतं. मी आधी हे बघते, मगच भाषांतराला हात घालते. एकदा संपूर्ण प्रकरण मराठीत आणल्यावर 'एनडी' दिसलं होतं, फार वाईट वाटलं.

—

इतिहास शिकवतो. चॅटबॉटला संदर्भ मागितले, तर दोन पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. संदर्भांसाठी तो आता वापरत नाही. पण एखाद्या घटनेची तीन कारणं त्याच्याकडून लिहून घेतो, छापून वाटतो आणि मुलांना मूळ साधनं देऊन म्हणतो, यातलं टिकतं काय ते शोधा. गेल्या वेळी एका गटाने दुसऱ्या कारणावर फुली मारली आणि समासात पत्राची तारीख लिहिली. परिणाम म्हणून सांगितलेली गोष्ट त्या कारणाच्या आधीच घडून गेली होती. तो कागद मी जपून ठेवलाय.