संगणकापुढची खुर्ची: तुम्ही कशी निवडली?

साताऱ्यात, शाहूपुरीत राहते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आले, तेव्हापासून काम इथूनच. आधी दीड वर्ष जेवणाच्या टेबलाची खुर्ची, मग फोटो बघून मागवलेली साडेसहा हजारांची फिरती खुर्ची. माझी उंची पाच फूट. खुर्ची पार खाली घेतली तरी बैठक फरशीपासून १८ इंचांवर, आणि माझं गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं अंतर साडेपंधरा. हे टेप लावून मोजलं ते खुर्ची घरात येऊन सहा महिने झाल्यावर. तोवर मांडीखाली कड रुतायची, संध्याकाळी पायांना मुंग्या यायच्या, पुढे सरकून बसलं की पाठ टेकायची नाही. शेवटी आईने माळ्यावरचा जेवणाचा पाट काढून पायाखाली सरकवला. पायांचं थांबलं, खांदे मात्र अजून भरून येतात. तुमचे अनुभव सविस्तर लिहा. काय मोजलं, कुठे फसलात, आता कशावर बसता?

सांगली, मार्केट यार्ड

हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. वडीलही हेच काम करायचे, गादीवर बसून, लोडाला टेकून, पुढ्यात उतरतं मेज. त्यांनी कधी कंबर धरली नाही आणि मला चाळिशीत पट्टा बांधावा लागला, तेव्हा फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ते एका जागी बसतच नव्हते. घडीघडीला मांडी बदलायची, सौदा निघाला की उठून जायचं, परत येऊन वही. माझं जुलै २०१७मध्ये जीएसटी आल्यापासून सगळं स्क्रीनवर. हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर एकदम आले की चार-चार तास उठणं नाही.

पहिली खुर्ची उंच पाठीची, रेक्झिनची, गुबगुबीत. दुकानात दोन मिनिटं बसलो आणि हो म्हटलं. मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटायचा. दीड वर्षात फोम बसला, हाताने दाबलं की खालची फळी लागायची. दुसऱ्या वेळी विश्रामबागेतल्या एका दुकानात अर्धा तास बसून राहिलो. दुकानदाराने चहा पाजला, घाई केली नाही. जाळीच्या पाठीची घेतली. पाठ पूर्ण टेकून बसलो की बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत तीन बोटं जातात. कमरेला टेकू देणारा फुगवटा वरखाली करून बेल्टच्या रेषेत आणता येतो. साडेनऊ हजार गेले. तरी पट्टा सुटला तो फोनमध्ये दर अर्ध्या तासाचा गजर लावून उठायला लागल्यावरच.

कराड

माझा त्रास ताईंच्या उलटा. सहा फूट एक इंच. डोक्याचा टेकू नेमका खांद्यांत घुसतो, बैठक मांडीच्या निम्म्यातच संपते. चप्पल आपण मापाने घेतो, खुर्ची मात्र सगळ्यांना एकच. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीची एरॉन नावाची खुर्ची १९९४ साली आली ती ए, बी, सी अशा तीन मापांत. ती आपल्या खिशाबाहेरची, पण विचार मला पटला. मी डोक्याचा टेकू नसलेली आणि बैठक पुढे सरकवता येणारी शोधली.

मिरज, फिजिओथेरपिस्ट

शाहूपुरीच्या ताई, तुमचे खांदे भरतात त्याला टेबल कारण असावं. आपल्याकडे टेबल साधारण ३० इंच उंच असतं. खांदे सैल सोडून बसा, कोपर काटकोनात ठेवा आणि कोपरापासून फरशीपर्यंत मोजा. टेबल त्याहून बरंच उंच असेल तर दिवसभर खांदे उचलूनच टायपिंग होतं. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. माझ्याकडे येणारे बरेच जण खुर्ची बदलून बदलून थकलेले असतात आणि टेबल कुणी मोजलेलंच नसतं.

आणखी एक, पाठ भिंतीसारखी ताठ ठेवायचा हट्ट सोडा. १०० ते ११० अंशांत किंचित रेललेली बरी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. लॅपटॉप उचलला की कीबोर्डही वर जातो, म्हणून कीबोर्ड वेगळा जोडा.

सांगली, गावभाग

२०१९च्या महापुरात आमची खुर्ची पाण्यात गेली. वाळवली, पण बैठकीखालचं प्लायवूड फुगलं, दांडा गंजला. नंतर पुण्यातल्या एका बंद झालेल्या ऑफिसातली जुनी साडेतीन हजारांत मिळाली. जुनी घेताना पूर्ण वर करून दहा मिनिटं बसा. हळूहळू खाली येत असेल तर बैठक उचलून धरणाऱ्या नळीतला गॅस गेलाय. गॅसची नळी वेगळी मिळते, बदलता येते.

पुन्हा शाहूपुरी

डॉक्टर, मोजलं. कोपर साडेसव्वीस इंचांवर, टेबल बरोबर तीस. काल सुतारकाकांना बोलावलं. सागवानी टेबल आहे, कापलं की परत जोडता यायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. चारही पायांवर पेन्सिलीची खूण करून घेतली आणि तीन इंच कापले. आज दिवसभर खांदे सैल होते. पाट पायाखाली आहेच. कापलेल्या चार तुकड्यांवर फळी टाकून लॅपटॉप वर घेतलाय, कीबोर्ड पोवई नाक्यावरून आणला.