पहिली गव्हाची बीअर, नवं मशीन आणि मॅश अडकला

म्युनिककर:
मंडळी, आत्तापर्यंत मोठं पातेलं आणि कापडी पिशवी यावर भागवत होतो, आता ३५ लिटरचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं, खाली कॉइल, आत जाळीची बादली, पंप वगैरे. शनिवारी २० लिटरचा घाट घातला, ३ किलो गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), २ किलो पिल्सनर (बार्लीचं फिकं माल्ट). पंप चालू केला तर मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट, घट्ट बसला, वरचं पाणी खाली उतरेचना, कॉइल उघडी पडली आणि मशीन गप्प. मग ढवळत ढवळत कसंबसं निभावलं. ग्रॅव्हिटी (घनता, म्हणजे पाण्यात साखर किती उतरली) १.०५० धरलेली, आली १.०४२. यीस्ट टाकून १८ डिग्रीला ठेवलंय. पाणचट होणार का? साखर घालू?

तुसाडराव:
साखर अजिबात नको. अहो गव्हाला टरफल नसतं, बार्लीचं टरफलच गाळणीचं काम करतं आणि तुम्ही ६० टक्के गहू घातलात, अडकणारच. पुढच्या वेळी दोनेकशे ग्रॅम भाताचं तूस धुऊन मिसळा. गावाला गिरणीमागे ढीग पडलेला असायचा, इथे त्याच तुसाचे पैसे मोजतो! आणि पहिली १० मिनिटं पंप लावूच नका, नंतरही नळ अर्धाच उघडा.

रात्रपाळी:
ग्रॅव्हिटी मोजलीस तेव्हा वर्ट (माल्टचं गोड पाणी) किती गरम होतं?

म्युनिककर:
४० असेल, घाईत होतो. का?

रात्रपाळी:
मग झालं की! हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) २० डिग्रीला बरोबर दाखवतो, ४० ला सहाएक पॉइंट (०.००६) कमी दाखवतो, म्हणजे खरी १.०४८ च्या आसपास. काही बिघडलं नाहीये. फक्त या यीस्टला फेस भयंकर येतो, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची बारीक नळी) काढ आणि जाड नळी लावून दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोड, आजच.

तुसाडराव:
हो हो, हे राहिलंच. आणि १८ वर ठेवलंय ते बरंय, २२ वर गेलात तर नुसता केळ्याचा वास येईल. लवंगेचा वास जास्त हवा असेल तर पुढच्या वेळी मॅश आधी ४४ डिग्रीला १५ मिनिटं ठेवा.

कोथरूड_ते_कात्रज:
हे पुण्यात घरी जमेल का?

रात्रपाळी:
जमायचं काय, जमेल, पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू बनवता येत नाही. मायक्रोब्रुअरीत जा आणि गप पी.

म्युनिककर:
नळी लावायला गेलो तर फेस आधीच झाकणावरून खाली आलेला. बाथटबमध्ये ठेवलं होतं म्हणून वाचलो. वास मात्र केळ्याच्या शिकरणीसारखा सुटलाय.