जन्म देणाऱ्या आईला काय म्हणायचं? (दत्तक, औरस, सख्खी, जन्मदाती वगैरे)

निळाई:
मला एक शब्द हवाय. मी दत्तक मुलगी, आता चाळिशीला आलेय, आणि जिच्या पोटी जन्मले त्या बाईंचा पत्ता लागला, भेटही झाली. त्या बऱ्याच आजारी आहेत, किडन्या निकामी होत आल्यात, डायलिसिस चालू आहे, मी जमेल तसं जाऊन बसते त्यांच्याजवळ. तर त्यांच्याबद्दल बोलताना कुठला शब्द वापरायचा तेच कळत नाहीये. 'खरी आई' मला अजिबात चालत नाही, मला वाढवणारी काय खोटी आहे का? 'सख्खी' म्हटलं तरी तेच, ऐकणारा लगेच दुसरीला सावत्र समजतो. 'जैविक माता' म्हणजे रिपोर्ट वाचतोय असं वाटतं आणि 'जन्मदाती' बोलताना तोंडातून निघतच नाही. समोर असताना हाक काय मारायची हा तर वेगळाच प्रश्न. प्लीज सुचवा.

पोथीवाला:
आधी दत्तक या शब्दाकडे बघू. दत्त म्हणजे दिलेला, त्याला क लागून दत्तक. म्हणजे हे विशेषण फक्त मुलाचं आहे. त्यामुळे 'दत्तक आई' हा प्रयोग कितीही रुळला असला तरी अर्थाने उलटा आहे, आई काही कुणी कुणाला दिलेली नसते, ती घेणारी. मनुस्मृतीच्या ९व्या अध्यायात पुत्रांचे १२ प्रकार सांगितलेत, त्यात अशा मुलाला 'दत्त्रिम' म्हटलंय आणि पोटच्याला 'औरस', उरस् म्हणजे छाती त्यावरून. जन्म देणाऱ्या बापासाठी 'जनक' आहेच, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत 'जनक घराणं' हा शब्दही चालायचा. जन्माचं घर एवढाच त्याचा अर्थ, खरंखोटं असा निवाडा त्यात नाही. त्यावरून आईला 'जननी' म्हणता येईल.

बिनधास्त:
जननी छान आहे हो पण ओपीडीच्या लाइनीत कोण म्हणणार 'माझ्या जननीचा नंबर कधी येईल'? आणि औरस हा शब्द तर इथे कृपया आणूच नका. पोथीत तो दत्तकच्या विरुद्ध असेल, पण आजच्या मराठीत औरसच्या विरुद्ध अनौरस, आणि अनौरस म्हटलं की लोक काय समजतात ते सगळ्यांना माहितीये. ज्या बाईला लग्नाआधी मूल झालं म्हणून ते द्यावं लागलं तिला हा शब्द किती लागत असेल! तसंच सावत्रचं. त्याचं नातं सवतीशी आहे, म्हणजे बापाची दुसरी बायको, दत्तकाशी त्याचा काही संबंध नाही, तरी लोक सर्रास मिसळतात.
माझं मत विचाराल तर 'जन्म देणारी आई' आणि 'वाढवणारी आई' असं सरळ म्हणा, लांब आहे पण कुणाच्या वाट्याचं काही काढून घेत नाही.

उंबरठा:
मला वाटतं उल्लेखाचा शब्द आणि हाकेचा शब्द असे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि हाकेच्याही आधी सर्वनाम येतं, ते कुणी लक्षातच घेत नाहीये. मराठीत वडिलांना अहोजाहो चालतं, पण आईला आपण तूच म्हणतो, बहुतेक घरांत तरी. वय, शिक्षण, मान काही मध्ये येत नाही. मोठेपणी भेटलेल्या अनोळखी बाईला मात्र तुम्ही. मग जिच्या पोटी जन्मलो पण जिला काल ओळखायला लागलो तिला काय? मी स्वतः जन्म देणाऱ्या वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात भेटलो. 'तुम्ही' तिथे आपसूक खपून गेलं, नुसत्या 'तुम्ही'ने मी मुलगा म्हणून बोलतोय की पाहुणा म्हणून हे कुणाला कळणार? आईच्या बाबतीत ती सोय नाही. तुम्ही म्हटलं की परकेपण ऐकू येतं, तू म्हटलं की घाई केल्यासारखं. म्हणून मी म्हणेन की नावापुढे ताई, मावशी, बाई जे तोंडी येईल ते लावून बोलायला लागा. तू आलं तर येईल, नाही आलं तरी बिघडत नाही. त्यांनाच विचारलं तर? आजारी माणसाला विचारायला आपण बिचकतो पण त्यांनीही मनात काहीतरी ठरवलेलं असतं.

निळाई:
विचारलं. त्या म्हणाल्या आई नको म्हणूस, तो शब्द मी सोडला होता. ऐकून मला काही बोलता आलं नाही. पण त्या मला पहिल्यापासून तू म्हणतात. मी अजून तुम्हीवरच आहे.
आणखी एक, सगळे म्हणतात 'नातं पुन्हा जोडलंस'. पुन्हा कसं? जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दिलेलं मूल मी, आधी काय जोडलेलं होतं? 'आई सापडली' पण नको वाटतं, त्या काही हरवल्या नव्हत्या.

पोथीवाला:
'पुन्हा' तुमच्या बाजूने बरोबर नाही, त्यांच्या बाजूने असू शकेल, नऊ महिने त्यांच्या आठवणीत आहेत. तुम्ही 'ओळख झाली' म्हणा, मला तो शब्द या प्रसंगाला पुरेसा वाटतो.
आणि तुम्ही जे करताय त्याला शुश्रूषा म्हणतात (लोक सुश्रुषा लिहितात ते चूक). श्रु म्हणजे ऐकणे, त्यापासून इच्छादर्शक रूप, म्हणून मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग आज्ञा ऐकणे, मग सेवा आणि मग आजाऱ्याची सेवा असा अर्थ सरकत गेला. इतकी वर्षं न सांगितलेलं ऐकायला तुम्ही बसताय, म्हणजे दोन्ही अर्थ तुमच्याकडे चालू आहेत.

वॉर्डातली:
मी नर्स आहे, जरा कामाचं बोलते. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असतं तिथे मुलगी लिहा, पण सही लागणाऱ्या कागदांच्या आधी सांगून ठेवा की दत्तक गेलेली मुलगी, कारण बऱ्याच ठिकाणी कायद्याने नातं बदललेलं असतं आणि ऐन वेळी कुणाची सही चालते यावरून अडतं. आणि किडनीचं नेमकं काय निदान आहे? सिस्ट म्हणजे पाण्याच्या गाठी आहेत का?

निळाई:
हो, पॉलिसिस्टिक म्हणतात. डॉक्टर म्हणाले जन्मजात आहे, म्हणून मी सोडून दिलं, मला जन्मल्यावर काही नव्हतं.

वॉर्डातली:
अहो नाही, इथेच शब्दाने घोटाळा होतोय! जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं, मग ते आनुवंशिक असेल किंवा नसेल. आनुवंशिक म्हणजे जनुकांतून आलेलं, आणि ते दिसायला तिशी चाळिशी उजाडू शकते. मोठ्या माणसांत दिसणारा पॉलिसिस्टिक किडनीचा जो नेहमीचा प्रकार आहे त्यात आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता ५० टक्के असते. सुरुवातीला काही त्रास होत नाही, कधी नुसतं बीपी वाढलेलं असतं. बीपी तपासा, डॉक्टरांना विचारून सोनोग्राफी करा, आणि त्यांना सांगताना 'जैविक आईला आहे' असंच सांगा, तिथे तो रुक्ष शब्दच हवा, नाहीतर ते वाढवणाऱ्या आईची हिस्टरी लिहून घेतील.

बिनधास्त:
+१. आणि पोटच्या मुलांनाही सांगा, ती आत्ता लहान असली तरी.

निळाई:
थँक्यू, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते. मोठ्या मुलीला सांगायचंय तर तिच्यासाठी त्या कोण, आजी म्हणू का?