मदत हवी आहे: एडब्ल्यूएसचा सेव्हिंग्ज प्लॅन कुठला घ्यावा?

मंडळी, एडब्ल्यूएसवरचे (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) आमचे सगळे सर्व्हर ऑन-डिमांड, म्हणजे वापरू तसे पूर्ण दराने, चालू आहेत आणि बिल काही आवरत नाही. सेव्हिंग्ज प्लॅन म्हणजे दर तासाला ठरावीक रकमेच्या वापराची काही वर्षांसाठी हमी (कमिटमेंट) द्यायची आणि बदल्यात सवलत घ्यायची. ईसी-टू (भाड्याचे सर्व्हर) सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये सवलत 72 टक्क्यांपर्यंत, पण एका रीजनला आणि एका इन्स्टन्स फॅमिलीला (सर्व्हरच्या एका गटाला) बांधून घ्यायचं. कॉम्प्युट प्लॅनमध्ये 66 पर्यंतच. मात्र फॅमिली बदला, उद्या फारगेटवर (सर्व्हर न सांभाळता कंटेनर चालवायची सेवा) जा, सवलत सुटत नाही. आम्ही ग्रॅव्हिटॉनवर (एडब्ल्यूएसचे स्वतःचे प्रोसेसर, म्हणजे फॅमिली बदलणार) जायच्या विचारात आहोत, त्यामुळे माझा कल दुसऱ्याकडे.

खरी धाकधूक तासाच्या कमिटमेंटची. रात्री निम्मे सर्व्हर बंद असतात, आणि न वापरलेली रक्कम पुढच्या तासात वळती होत नाही, वायाच जाते. मग आकडा रात्रीच्या वापरावर धरायचा की सरासरीवर? (तीन वर्षांसाठी अडकणं तर नकोच वाटतं.) कोणी हे गणित बसवलंय का?