मदत हवी आहे: दवाखान्याच्या खर्चाबद्दल कुटुंबांशी कसे बोलावे?

नमस्कार. दवाखान्याच्या खर्चाचा आधी अंदाज यावा आणि नंतर हिशेब ठेवता यावा, यासाठी आम्ही तिघे मिळून एक साधे मराठी ॲप तयार करत आहोत. आराखडा करण्याआधी, गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरचे कोणी रुग्णालयात दाखल होते अशा कुटुंबांशी बोलायला सुरुवात केली असून पुणे आणि सातारा येथे नऊ मुलाखती झाल्या आहेत. तिथेच आम्ही अडलो आहोत.

‘एकूण किती खर्च आला?’ असे विचारले की बहुतेक जण डिस्चार्जच्या दिवशी भरलेल्या बिलाचाच आकडा सांगतात. आधीच्या तपासण्या, बाहेरून आणलेली औषधे, येण्याजाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि कामाचे खाडे त्यात धरलेले नसतात. साताऱ्याच्या एका काकूंनी मात्र कपाटातून साडीच्या दुकानाची पिशवी काढली आणि सगळे कागद सतरंजीवर मांडले. ते तारखेप्रमाणे लावत गेलो तसा त्यांना एकेक दिवस आठवत गेला. मेडिकलच्या काही पावत्यांवरची शाई पार उडाली होती, पण त्या पुसट होऊ लागल्या तेव्हाच काकूंनी पेनने रकमा लिहून ठेवल्या होत्या. आता प्रत्येक घरी आधी ही पिशवीच दाखवायची विनंती करावी असे वाटते. परंतु त्याच कागदांत आजाराचे नाव आणि तपासण्यांचे अहवालही असतात, तेव्हा परवानगी कोणाची आणि कोणत्या शब्दांत घ्यावी?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खर्च कमी-जास्त होतो तो दाखल होतानाच्या निर्णयांमुळे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना घाईत ८,००० रुपयांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत ३,००० रुपयांचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशच मंजूर होतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हेही काउंटरवर उभे असतानाच आठवायला हवे. त्या वेळी तिथे रुग्ण नसतो, तर जावई, पुतण्या किंवा शेजारी असतो. मग मुलाखत नेमकी कोणाची घ्यावी, आणि धावपळ करणारा व पैसे देणारा वेगळे असतील तर दोघांना एकत्र बसवावे का?

कर्जाचा विषय तर फार नाजूक आहे. वडिलांसमोर ‘जमवले कसेतरी’ एवढेच म्हणणाऱ्या एका मुलाने आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्यावर बायकोचे दागिने गहाण ठेवल्याचे सांगितले. घरात हे अजून कोणालाच माहीत नाही. असे उत्तर टिपणात लिहावे की नाही, यावर आमच्या तिघांतही एकमत झालेले नाही.

रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र किंवा विमा कंपनीच्या टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) काम केलेले कोणी येथे असल्यास, नातेवाईक पैशांविषयी सर्वांत आधी काय विचारतात, तेवढे तरी त्यांच्याच शब्दांत कृपया लिहावे.