'मोठ्या प्रमाणावरचा नकाशा' म्हणजे नेमका कुठला?

तलावपाळी : ठाण्यातल्या आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांसाठी एक चार पानी पत्रक मराठीत करते आहे. विषय असा की शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना कशा द्यायच्या. मूळ इंग्रजी मजकुरात म्हटलंय, आराखडा ज्या 'लार्ज स्केल टोपोग्राफिक' नकाशावर बेतला आहे तो आधी पाहा. मी लिहिलं, 'मोठ्या प्रमाणावरील स्थलदर्शक नकाशे पाहावेत.' खालच्या मजल्यावरच्या काकांना वाचायला दिलं. कागद परत आला तो दोन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा घेऊन. पहिल्या खुणेशेजारी लिहिलं होतं, 'मोठ्या प्रमाणावर म्हणजे किती प्रती काढल्यात?' दुसरीच्या शेजारी, 'स्थलदर्शक म्हणजे उपवन, येऊर, कौपिनेश्वर दाखवणारा का?'

काकांचं मराठी माझ्यापेक्षा पक्कं आहे, म्हणजे चूक वाक्याचीच. 'बृहत्प्रमाण' हा शब्द मला माहीत आहे, पण तो वाचून किती जण पुढचं पान उलटतील याची धास्ती वाटते. तुम्ही काय लिहाल?

भूगोलताई : काकांचं बरोबर आहे. मोठ्या प्रमाणावर नुकसान, मोठ्या प्रमाणावर खरेदी. हा वाक्प्रयोग मराठीत इतका मुरलाय की नकाशाच्या शेजारी ठेवला तरी वाचणारा 'पुष्कळ' असाच अर्थ घेणार. म्हणूनच शाळेत 'बृहत्प्रमाण' आणि 'लघुप्रमाण' शिकवतात. शब्द जड आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

खरा घोळ शब्दाच्याही आधी, आकड्यात आहे. १:५०० आणि १:५०,००० फळ्यावर लिहिलं की दरवर्षी अर्धा वर्ग म्हणतो, बाई, पन्नास हजार मोठं. मग मी भाकरी काढते. चतकोर मोठी की अर्धी? चार आणि दोन यांत चार मोठे, पण तुकडा अर्धीचा मोठा. प्रमाण हा अपूर्णांक आहे, एवढं एकदा डोक्यात बसलं की विसरत नाहीत. दहा मीटर रुंद रस्ता १:५०० च्या नकाशावर दोन सेंटीमीटर येतो. १:५०,००० वर तोच रस्ता ०.२ मिलिमीटर, म्हणजे टोक केलेल्या पेन्सिलीच्या रेघेहून बारीक.

जुना आरेखक : ताई, भाकरी आवडली. पण ३१ वर्षं नकाशे काढले, एकदाही 'बृहत्प्रमाण' तोंडातून निघालं नाही. आम्ही म्हणायचो 'पाचशेचा', 'दोन हजाराचा', 'चार हजाराचा'. साहेब दारातून विचारायचे, पाचशेचा आहे का? की आम्ही कपाटातून गुंडाळी काढायचो. सिटी सर्व्हेचा पाचशेचा, त्यात घराची भिंतसुद्धा दिसते. केंद्राच्या अमृत या शहरविकास योजनेत शहरांचे आराखडे संगणकावर करायचे ठरले ते चार हजारावर. त्याआधी २००६ साली केंद्राची नागरी माहिती प्रणालीची योजना आली, तिच्यात दहा हजार आणि दोन हजार ही मापं होती. आकडा बोलला की काम कुठलं ते कळतं. लहान-मोठं म्हणायची गरजच पडत नाही.

आणि टोपोग्राफिकला आम्ही टोपोशीट म्हणतो. ठाण्याच्या शीटचा जुना क्रमांक ४७ ए/१६. नवी मुंबई मात्र अडचणीची. ७३ अंश रेखांश वाशीजवळून जातो आणि १९ अंश अक्षांश बेलापूरच्या थोडा खालून, त्यामुळे हे एक शहर चार शीटांच्या कोपऱ्यावर पडतं : ४७ ए/१६, ४७ ई/४, ४७ बी/१३, ४७ एफ/१. चारही शीटा टेबलावर पसरून कडा जुळवायच्या, डाव्या शीटचा रस्ता उजवीवर केसभर खाली असायचा, तो पारदर्शक कागदावर मधोमध घ्यायचा. एवढं करून हाती काय? पन्नास हजारच्या शीटवर काँटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, २० मीटरला एक. सगळे पारसिकच्या डोंगराला वेटोळे घालून बसलेले. वाशी-सानपाड्याच्या सपाटीवर एकही नाही. आता सांगा, पाणी कुठून कुठे जाईल ते त्या नकाशावरून कसं ओळखायचं? सपाट जागेला अर्ध्या मीटरचे काँटूर लागतात, आणि ते मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरच मावतात.

स्वभाषा : अनुभवाचा आदर आहे, पण टोपोशीट, काँटूर हे शब्द इतक्या सहज स्वीकारू नयेत. 'समोच्च रेषा' पाहा. सम आणि उच्च, सारख्या उंचीची. शब्दातच व्याख्या आहे. काँटूर ऐकून मराठी मुलाला काय बोध होतो? पत्रकात 'बृहत्प्रमाण स्थलाकृतिदर्शक नकाशा' लिहा. वापराने शब्द सोपे होतात. महापौर हा शब्दही एकेकाळी कोणीतरी घडवलेलाच होता, आज रिक्षावालाही म्हणतो.

जुना आरेखक : 'नकाशा' तरी कुठला आपला? अरबी 'नक्श'. नक्षी त्याच घरातली. तो चालतो मग काँटूरने काय घोडं मारलं?

स्वभाषा : नकाशा चारशे वर्षं मराठी जिभेवर घोळून मराठी झाला. त्याचं अनेकवचन 'नकाशे' होतं, विभक्ती लागते, 'नकाशात नाही' असं आपण बोलतो. काँटूरचं अनेकवचन काँटूरच राहिलं. परका शब्द मराठी प्रत्यय घेऊ लागला की घरचा झाला, ही माझी कसोटी आहे.

जुना आरेखक : शीटचं आम्ही 'शीटा' करतो. वर मीच लिहिलंय.

भूगोलताई : स्वभाषा, 'स्थलाकृतिदर्शक' मला स्वतःला फळ्यावर एका दमात लिहिता येत नाही. 'स्थलदर्शक' पुष्कळ रुळलाय. फक्त काकांना झाला तसा घोटाळा होतो, कारण 'प्रेक्षणीय स्थळे' आपल्या कानात आहे. ठाण्यात तरी 'स्थल' शब्दाला मान हवा. शिलालेखांतलं श्रीस्थानक, त्याचंच ठाणे.

घणसोलीचा : आमच्याकडं एकच शब्द, मोजणीचा नकाशा. १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या, त्यातलं आमचं एक. घरोघरी ट्रंकेत हा नकाशा आहे, घडीवर फाटून चार तुकडे झालेला. तोच लिहा, लोकांना कळेल.

जुना आरेखक : दादा, तो वेगळा. मोजणीचा नकाशा हद्द दाखवतो : कोणाची जमीन कुठून कुठपर्यंत. टोपो जमिनीवर काय आहे ते दाखवतो, म्हणजे उंची, नाला, झाडी, बांधकाम. टोपोवर मालक नसतो आणि मोजणीवर चढउतार नसतो. आराखड्याला दोन्ही एकावर एक ठेवावे लागतात. पत्रकात मोजणीचा लिहिलं तर लोक भलत्या खिडकीवर रांग लावतील.

घणसोलीचा : मान्य. पण मग जमिनीवर जे आहे ते तरी नीट दाखवा. आमच्या खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला एक उघाडी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : बांधात लाकडी झडप. ओहोटीला शेताचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. कोणी हात लावायचा नाही. आजी भरतीच्या वेळी बांधावर उभी राहून झडप आपटल्याचा आवाज ऐकायची. आवाज आला की घरी. आवाज नाही आला तर काहीतरी अडकलंय, मग बाबा कमरेइतक्या चिखलात उतरायचे.

जुन्या नकाशावर त्या जागी छोटी खूण होती. नवीन नकाशा करताना एका कार्यालयाने सगळा पट्टा एकाच रंगाने भरला, वर लिहिलं दलदल. उघाडी गेली, नालाही गेला. पुढे तिथं भराव पडला. आता आषाढात भरतीच्या वेळी पाऊस आला की आमच्या आळीत गुडघाभर पाणी. हरकत द्यायला गेलो तेव्हा विचारलं, नाला कुठं दाखवलाय? नकाशात नाही, म्हणजे नाही. मी तुमच्या शब्दांच्या भांडणात का आलो, तर हे सांगायला.

तलावपाळी : दादा, हे माझ्या पत्रकात घेऊ का, गावाचं नाव न देता? लोकांनी नकाशा का पाहायचा हे मला चार परिच्छेदांत जमलं नव्हतं.

दरम्यान काकांना 'पाचशेचा नकाशा' वाचून दाखवला. म्हणाले, पाचशे रुपये जरा जास्त नाहीत का? तेव्हा आकड्याचाही प्रश्न उरतोच. 'बारकाव्यांचा नकाशा' म्हटलं तेव्हा मात्र लगेच मान हलवली.

स्वभाषा : 'बारकाव्यांचा' गोड आहे, पण पारिभाषिक नाही. किती बारकावे हे कुठे ठरलं? आणि 'मोठं' ला 'बारीक' म्हणायची वेळ आली, याचा तरी विचार व्हावा.

'उघाडी' मात्र अस्सल. उघडणे या धातूवरून सरळ आलेला. नवी मुंबईतले धारण तलाव आहेत ना, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला केलेले, त्यांच्या तोंडालाही असेच दरवाजे असतात. त्यांना सगळे फ्लॅप गेट म्हणतात. शब्द शेजारच्या गावात तयार होता, कोणी विचारलाच नाही.

जुना आरेखक : इथं मी स्वभाषांच्या बाजूचा. फ्लॅप गेट मीच नकाशांवर शंभरदा लिहिलं असेल. उघाडी माहीत असती तर उघाडी लिहिलं असतं.

मीठबंदर : पहिल्यांदाच लिहितोय. उघडणेवरून उघाडी हे दिसायला सरळ आहे, पण ती बंद होण्यासाठी बसवतात, उघडी राहण्यासाठी नाही. माझ्या मते मूळ 'उघाड'मध्ये शोधावं. पाऊस थांबून उघाड पडते, तशी ओहोटीला खारीला मिळणारी उघाड. भरतीपासून सुटका, असा अर्थ.

भूगोलताई : उघाडसुद्धा उघडण्यातूनच आलीय, त्यामुळे दोघंही शेवटी एकाच दारात उभे आहात. पण भरती-ओहोटीशी जोडणं छान.

जुना आरेखक : अशा शब्दांवरून साखळी आठवली. आपली मोजणीची शंकू साखळी ३३ फुटी, तिचे १६ आणे, एक आणा पावणेपंचवीस इंचांचा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. आजही लोक गुंठ्यात बोलतात, पण तो साखळीच्या चौरसातून आला हे तरुण मुलांना ठाऊक नसतं. तिकडे भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणाऱ्या लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, मोजली ती १०० फुटी साखळीने. हद्दीची साखळी वेगळी, टोपोची वेगळी. दादांना वर जे सांगत होतो ते इथूनच सुरू होतं.

तलावपाळी : सगळं टिपून घेतेय. पण पत्रक उद्या छापायला जायचंय. तूर्त असं लिहिलंय : 'जमिनीचे चढउतार, नाले आणि बांधकामे बारकाव्यांसह दाखवणारा नकाशा (प्रमाण १:५०० ते १:४,०००)'. लांब झालंय, मला कळतंय. एका शब्दात कोणाला सुचलं तर रात्री दहापर्यंत सांगा.

घणसोलीचा : ताई, घ्या ते पत्रकात, गावाचं नाव घातलंत तरी चालेल. आणि मीठबंदर दादा, आईला विचारलं. ती म्हणते झडपेला उघाडी म्हणत नाहीत. झडप ती झडप, बांधातली ती अख्खी जागा म्हणजे उघाडी. उरणकडं काय म्हणतात? तिकडचं कोणी आहे का इथं?