ट्रक जागचे हलले नाहीत अन् देश बदलला, हे खरं का?

पहाडावरचा किराणा

राम राम मंडळी. एक विचारायचं होतं, हसू नका.

माझी पुतणी नेदरलँडमध्ये वाखेनिंगनला शेतीचं शिकायला आहे. तिची घरमालकीण म्हातारी आहे, मूळची एल्टन नावाच्या गावची. ते गाव जर्मनीत आहे, नेदरलँडच्या हद्दीला लागून. परवा पुतणी फोनवर सांगत होती, म्हातारी लहान असताना एका रात्री त्या गावात लोणी अन् कॉफी भरलेले ट्रक आले. गल्लीत, अंगणात, जिथं जागा मिळाली तिथं लावले. रात्री बाराचे टोले पडले, गाव एका देशातून दुसऱ्या देशात गेलं, अन् ट्रक जागचा न हलता माल परदेशात पोचला. जकात एक पैसा नाही.

मी म्हटलं, पोरी, काकाला येड्यात काढती का? ती म्हणाली, आजीची शपथ. आता तिला आजीची शपथ घ्यायची सवय पहिल्यापासूनच आहे, म्हणून इथं विचारतो.

विचारायला कारणही आहे. माझं दुकान जिवती तालुक्यात, त्या चौदा गावांपैकी एका गावात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: राजुऱ्याचा हा सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तालुका इकडं आला, पण आमच्या गावांवरचा तिकडचा हक्क काही सुटला नाही. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातही आहोत अन् तेलंगणाच्या केरामेरी मंडळातही. दोन्ही मतदार याद्यांत नाव. शाळा मराठीची वेगळी, तेलुगूची वेगळी. आमचा बाप लातूरकडून दुष्काळात इथं आला तेव्हा त्याला वाटलं होतं, एका राज्यात पोट भरंना म्हणून निघालो. इथं दोन भेटले.

आमच्या घरी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन्ही राज्यांचे कागद आहेत, अन् मधी चहापत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा घातलाय. का, तर एकदा खताच्या रांगेत तीन तास उभा राहिलो अन् खिडकीशी गेल्यावर चुकीचं कार्ड पुढं केलं. खिडकीतला माणूस कार्डाकडं बघे, माझ्याकडं बघे. मागचे लोक हसाया लागले. तेव्हापासून पुठ्ठा.

तर सांगा, ते लोण्याचं खरं का? अन् गावातल्या माणसांचं काय झालं? ते कुणाचे धरले?

आर्वीकर

काका, पुतणी खरं बोलतेय. मी नेदरलँडमधल्या नाईमेखनला साडेचार वर्षं नोकरी केली. एल्टन तिथून सायकलच्या टप्प्यात आहे, जाऊन आलोय. टेकडीवर जुनं चर्च आहे. टेकडी कसली, ऐंशी-एक मीटर. तुमच्या पहाडावर तिला कुणी नावसुद्धा ठेवणार नाही, पण त्या सपाट मुलखात तिचं भारी अप्रूप. गाव डचांकडे होतं तेव्हा रविवारी ती टेकडी बघायला डच माणसांची रीघ लागायची.

झालं असं, की दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँडला भरपाई म्हणून जर्मनीचा चांगला लांबरुंद पट्टा हवा होता. दोस्त राष्ट्रांनी तेवढं काही दिलं नाही. २३ एप्रिल १९४९ला हद्दीवरचे तुकडे मिळाले. त्यात एल्टन आणि दक्षिणेकडचं झेल्फकांट हे मोठे, बाकी किरकोळ. सगळं मिळून साधारण ६९ चौरस किलोमीटर आणि दहाएक हजार माणसं. पुढे १९६०मध्ये करार झाला, जर्मनीने २८ कोटी मार्क द्यायचे ठरले, आणि १ ऑगस्ट १९६३ला बहुतेक तुकडे परत गेले.

आता लोणी. डचांकडे ते स्वस्त, जर्मनीत महाग, आणि मधे आयात शुल्क. शुल्क लागतं ते माल हद्द ओलांडतो तेव्हा. इथे मालाने काही केलंच नाही, हद्दच त्याच्या अंगावरून पलीकडे गेली. व्यापाऱ्यांनी आधीच हिशेब मांडला होता. गावातल्या वखारी, गोठे, अंगणं भाड्याने घेतली, आणि ३१ जुलैच्या संध्याकाळपर्यंत लोणी, कॉफी, चीज, मिळेल ते आणून रचलं. तिकडे त्या रात्रीला लोण्याची रात्रच म्हणतात.

माणसांचं विचारलंत ना? त्यांना डच नागरिक केलंच नाही. राहिले जर्मनच, फक्त पासपोर्टवर शेरा: यांना डच समजून वागवावे. चौदा वर्षं 'समजून'.

शेपटं मात्र राहिली. झेल्फकांट परत गेलं, पण त्यातून जाणारा एक रस्ता २००२पर्यंत डचांच्याच ताब्यात होता. नाईमेखनजवळची सैतानाची टेकडी म्हणतात ती तर परत दिलीच नाही. तिथे पॅनकेकचं हॉटेल आहे. मी खाल्लाय. आपल्या धिरड्याची सर नाही.

वर्धाकाठचा

काका, तुमचं लोणी, आमची दारू.

१ एप्रिल २०१५ले चंद्रपूर जिल्हा कोरडा झाला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात, नदीच्या या अंगाले. मधात फक्त वर्धा. काल लोक आमच्या गावचं नाव इचारत नव्हते, अन् दुसऱ्या दिवशीपासून पाव्हणेच पाव्हणे. आमच्या घरामागं एक भाऊ राहे, नदीच्या रेतीत डांगरवाडी करे. त्याचा डोंगा दिवसा डांगरं नेण्यासाठी होता. तो रातच्याले चालू लागला. पोत्यात वरून डांगरं, अन् खाली काय हाये हे साऱ्या गावाले ठावं. पुलावर तपासणी, म्हणून पाण्यातून.

त्याच्या बायकोनं त्या वर्षी विहिरीवर मोटर बसवली, एवढंच मी सांगतो.

२०२१ले बंदी उठली. आता तो डोंगा काठावर उलटा पडून हाये, त्याच्याखाली कोंबडी अंडे देते.

आर्वीकर भाऊ, एक सांगा. लोण्याचा पैसा गावाले भेटला का व्यापाऱ्याले?

आर्वीकर

लोणी व्यापाऱ्यांना, ताक गावाला. ज्यांनी गोठा किंवा अंगण दिलं त्यांना भाडं मिळालं, बस.

निवृत्त लाइनमन

हद्दीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी महावितरणच्या लाइनवर आयुष्य काढलं, पांढरकवड्याकडे. त्याच नेदरलँडच्या दुसऱ्या, बेल्जियमकडच्या हद्दीबद्दल वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात होता, नेदरलँड तटस्थ. माणसं पळून पलीकडे जायची, चिठ्ठ्या न्यायची. ते थांबवायला जर्मनांनी १९१५मध्ये हद्दीवर विजेच्या तारा ओढल्या. २००० व्होल्ट. तीनशे किलोमीटरच्या वर. तिथली पुष्कळ खेडी अशी, की वीज काय चीज आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं. घरात दिवा यायच्या आधी कुंपणात करंट आला. गुरं चिकटली, कुत्री चिकटली, माणसंही. मग लोकांनी युक्ती काढली: दोन्ही बाजूंनी उघडं लाकडी पिंप दोन तारांच्या मधे खुपसायचं आणि त्यातून सरपटत निघायचं. लाकूड कोरडं असलं तर जीव वाचला.

मी नोकरीत असताना रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेवरून तीन माणसं काढली. तिन्ही वेळा पहाट होती आणि गवत ओलं. एक त्याच शेताचा मालक होता, रात्री स्वतःच तार लावून विसरला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आता झटका मशीन आलंय, ते थांबून थांबून झटका देतं, जीव जात नाही. तरी अजून काही जण थेट लाइनवर आकडा टाकतात. टाकू नका रे बाबांनो.

पहाडावरचा किराणा

लाइनमनसाहेब, तांब्याचं वाचून काल दुकान लवकर बंद केलं.

पुतणीची माफी मागितली. ती खूश झाली अन् आणखी एक गाव सांगितलं, बार्ले. तिथं बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँडच्या आत पडलेत, अन् त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा डचांचे ७. मुळात म्हणे ११९८ साली तिथल्या ड्यूकनं ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण पडीक दिली अन् वहिती स्वतःकडं ठेवली. हे मात्र मला लगेच पटलं, जमीन वाटणारा सगळीकडं असाच असतो. आता रेषा घराच्या मधून जाती. घर कोणत्या देशाचं ते पुढच्या दारावरून ठरवायचं. दार ज्या देशात, घर त्या देशाचं. शेवटचा वादाचा तुकडाही १९९५मध्ये ठरवून टाकला त्यांनी.

मी दोन दिवस यावर विचार करतोय. एल्टन एका वेळी एकाचंच होतं, पहिलं जर्मनांचं, मग डचांचं, मग परत जर्मनांचं. बार्लेत चूल इकडं अन् मोरी तिकडं असंल, पण रेषा पक्की, रस्त्यावर आखलेली. आमच्याकडं रेषाच नाही हो. अख्खं गाव इकडचं, अन् तेच अख्खं गाव तिकडचं. दारावरून ठरवायचं म्हणलं तर माझ्या दुकानाला दार एकच, सकाळी मीच उघडतो, अन् गिऱ्हाईक दोन्हीकडचे पैसे घेऊन येतं. उधारी पण दोन्हीकडची. जमिनीचा पट्टा विचारला की मात्र दोन्हीकडचे बाबू पलीकडं बोट दाखवतात.

पुतणीला म्हटलं, त्या आजीबाईला एवढं विचार, चौदा वर्षांतले ते शेरे मारलेले कागद घरी ठेवलेत का, अन् कशात ठेवलेत. विचारते म्हणाली. कळलं की इथं लिहीन. गिऱ्हाईक आलं, ठेवतो.